मदत हवी आहे: आठ दिवस बोटीवर मुक्काम, समुद्रात काही झालं तर?

दिग्रसचा कास्तकार:
मंडळी, लवकर सांगा, शनिवारी निघून राहिलो. मुलानं शिडाची बोट भाड्यानं घेतली, आठ दिवस तिच्यावरच राहायचं. मी पाणी पाहिलं ते अरुणावती धरणाचं, तेही काठावरून. समुद्रात काही झालं तर फोन कोणाला लावायचा? सोबत काय न्यायचं?

नागपूरकर:
कोणता समुद्र? आपल्याकडचा असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

दिग्रसचा कास्तकार:
युरोपातला क्रोएशिया देश. स्प्लिट बंदरातून हवार आणि व्हिस बेटं. मुलगा जर्मनीत असते.

प्रवासी विदर्भी:
शेंगेन व्हिसा लागेल, युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून त्यात आहे. विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

दिग्रसचा कास्तकार:
व्हिसा, विमा झालं भाऊ. बोटीचं विचारलं.

जहाजावर बावीस वर्षं:
तिथं समुद्रातल्या बचावासाठी १९५, एरवी ११२. पण फोनच्या भरवशावर राहू नका. बेटाआड रेंज जाते, आणि फोन एकालाच ऐकू जातो. बोटीवरच्या बोलायच्या रेडिओवर १६ नंबरच्या चॅनलवर बोललात की आसपासच्या बोटीही ऐकतात. कॅप्टन भाड्याचा आहे का?

दिग्रसचा कास्तकार:
नाही, मुलगाच चालवणार. लायसन आहे. मी, घरची, सूनबाई आणि तो.

जहाजावर बावीस वर्षं:
बाकी कोणाला बोट चालवता येते?

दिग्रसचा कास्तकार:
कोणालेच नाही. सूनबाईला पोहता येते.

बाभुळगाव:
पेरणीच्या टायमाले चाललात? आमच्याकडं अजून पाऊस नाही. सोयाबीनचं घरचं बियाणं उगवण पाहून पेरा राजेहो.

जहाजावर बावीस वर्षं:
काका, मग तयारी एकाच गोष्टीची करा: मुलगाच पाण्यात पडला तर. शिडाखालचा आडवा दांडा वारा फिरला की झपकन येतो, डोक्याला लागतो. अशा वेळी एकानं फक्त त्याच्याकडं हात रोखून उभं राहायचं, नजर क्षणभरही हलवायची नाही. लाटांत डोकं दिसेनासं व्हायला वेळ लागत नाही. दुसऱ्यानं तरंगणारी रिंग फेकायची. तिसऱ्यानं रेडिओचं लाल झाकण उघडून आतलं संकटाचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं. मग १६ वर ‘मेडे’ (म्हणजे जीव धोक्यात, मदत पाठवा) तीनदा, बोटीचं नाव तीनदा, जागा, काय झालं, माणसं किती. बोलताना माईकचं बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात दोर लोंबत नाही ना ते पाहा, बोटीखालच्या पंख्यात गुंततो. हे सगळं मुलाकडून पहिल्याच दिवशी बंदरात करवून घ्या.

शेतकरी पुत्र:
लाइफ जॅकेट घालून शेततळ्यात उतरून पाहा, भीती मोडते.

वणीची ताई:
शेततळ्यात अजिबात नको! प्लॅस्टिकवर शेवाळ धरते, पाय टिकत नाही. आमच्या शिवारात पट्टीचा पोहणारा गेला.

शेतकरी पुत्र:
कमरेला दोर बांधून म्हणतो मी. काठावर दोघं जण.

वणीची ताई:
दोर बांधूनही नको. ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा.

जहाजावर बावीस वर्षं:
ताई बरोबर सांगतात. जॅकेट तिथंच मिळतं. मांड्यांमधला पट्टा आवळून घ्या, नाहीतर पाण्यात पडल्यावर जॅकेट कानापर्यंत वर सरकते.

वणीची ताई:
कोणाला बीपी, शुगर?

दिग्रसचा कास्तकार:
घरचीला शुगर. इन्सुलिन चालू आहे.

वणीची ताई:
काका, हे आधी सांगायचं! बोट लागून उलट्या झाल्या, जेवण टिकलं नाही, आणि इन्सुलिन नेहमीइतकंच घेतलं तर साखर एकदम उतरते. त्या दिवशी डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. उलटीची गोळीही विचारा, ती बोट सुटण्याआधी घ्यायची असते. इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेत, बोटीत फ्रिजमध्ये, पण बर्फाला चिकटू देऊ नका. ग्लुकोजची पुडी काकूंच्या खिशात.

दिग्रसचा कास्तकार:
डॉक्टरकडं उद्या सकाळीच जातो. सूनबाईला आत्ताच फोन लावला. रेडिओ तिनं कधी हातात धरला नाही. मेडेचा मजकूर देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून घेतला, रेडिओजवळ चिकटवणार. बोलायचं ती. रिंग मी फेकीन. घरची म्हणते, हात रोखून पाहत राहायचं काम माझ्याकडं द्या, पोरावरची नजर मी हलू देणार नाही.

जहाजावर बावीस वर्षं:
कागदावर बोटीचं नाव आणि ‘चार माणसं’ हे आधीच लिहून ठेवा.

दिग्रसचा कास्तकार:
नाव अजून कळलं नाही. पोराला विचारतो.