भाड्याच्या घराची सजावट: खिळा न ठोकता, कमी खर्चात

प्रश्न: शाहूपुरीची भाडेकरू

नमस्कार. साताऱ्यात शाहूपुरीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे घर आम्ही अकरा महिन्यांच्या कराराने घेतले आहे. भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि रंग बदलायचा नाही, अशी अट करारातच आहे. भिंतींना पांढरा डिस्टेंपर असून हात फिरवला की बोटांना पूड लागते. बैठकीच्या खोलीत एकच ट्यूबलाइट आहे आणि तिच्या उजेडात घर दवाखान्यासारखे दिसते. पाच हजारांच्या आत काय करता येईल? चिकटवायचे हुक आणि भिंतीवर लावायचा स्टिकरचा कागद घ्यावा असे मनात आहे. तो टिकेल का?

उत्तर: कृष्णाकाठ, सांगली

बोटांना पूड लागते असे आपण लिहिले आहे, त्यातच उत्तर आले. हुक भिंतीला न चिकटता त्या पुडीला चिकटतो आणि थोडे वजन पडले की रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतो. फरशी, काच, कपाटाचा सनमायका किंवा ऑइलपेंट दिलेले दार अशा गुळगुळीत जागी मात्र हे हुक चांगले टिकतात. काढताना हुकामागच्या चिकटपट्टीचे टोक स्वतःकडे न ओढता भिंतीलगत सरळ खाली सावकाश ओढावे. स्टिकरच्या कागदाचा विचार तर सोडूनच द्यावा. साताऱ्याच्या पावसात भिंत ओल धरते, कागदामागे ती वाळत नाही आणि बुरशी येते.

माझ्या मते पैसा पडद्यांच्या कापडावर घालावा. इचलकरंजीचे सुती कापड आपल्या भागात सहज मिळते. ते आधी पाण्यातून काढावे, म्हणजे शिवल्यानंतर आटणार नाही. शिवताना खालची दुमड चांगली चार-सहा बोटे जास्त ठेवून कच्ची टीप मारून घ्यावी. पुढच्या घराची खिडकी उंच निघाली, तर तीच टीप उसवून पडदे लांब करता येतात. पडदे हलके असतील, तर खिडकीच्या कोनाड्यात ताणून बसणारा स्प्रिंगचा रॉड पुरतो आणि त्याला स्क्रू लागत नाही.

उत्तर: जुन्या वाड्यातील बिऱ्हाडकरू

पडद्यांच्याही आधी उजेड बदलावा, असे मला वाटते. ट्यूब काढू नका, फक्त संध्याकाळी बंद ठेवा आणि खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवायचा दिवा लावा. बल्ब घेताना खोक्यावर 2700 किंवा 3000 केल्विन, म्हणजे पिवळसर उजेडाचा, लिहिलेला पाहून घ्यावा. 6500 चा घेतलात तर पुन्हा दवाखानाच. तसबिरी टांगायलाच हव्यात असे नाही, कपाटावर किंवा बाकावर भिंतीला टेकवून ठेवल्या तरी शोभतात. मात्र मागे दोन बोटे पुठ्ठा ठेवावा, नाहीतर चौकटीची रेघ डिस्टेंपरवर उमटते.

उत्तर: एक घरमालक, गोडोली

वरील सल्ले योग्य आहेत, परंतु मालकाची बाजूही सांगतो. आम्हाला खिळ्याइतकीच, किंबहुना जास्तच, धास्ती स्टिकरची असते. खिळ्याचे भोक चिमूटभर पुट्टीने बुजते. पण ताटाएवढा रंग निघाला, तर तेवढ्याच जागेचा नवा रंग वेगळा दिसतो आणि अख्खी भिंत रंगवावी लागते. म्हणून, नेमक्या कोणत्या भिंतीवर दोन खिळे हवेत ते मालकांना स्पष्ट विचारावे. बरेच जण हो म्हणतात, फक्त तो होकार व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावा. बाथरूमच्या टाइलला मात्र ड्रिल लावू नये. टाइलला तडा गेला, तर त्याच रंगाची दुसरी मिळत नाही आणि अनामत रकमेचा वाद बहुधा तिथूनच सुरू होतो.

सामान लावण्याआधी प्रत्येक भिंतीचे, नळांचे आणि आधीच्या डागांचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवावेत. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. आपला करार नोंदलेला आहे ना, हेही याच निमित्ताने पाहून घ्या.

शाहूपुरीची भाडेकरू

सर्वांचे आभार. स्टिकरचा बेत रद्द केला असून दोन खिळ्यांसाठी मालकांना आजच विचारते. स्प्रिंगच्या रॉडचे माप कसे घ्यावे?

कृष्णाकाठ, सांगली

कोनाड्याच्या आतली रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी, कारण जुन्या बांधकामात ती सारखी नसते. रॉड वर बसणार असल्याने वरचे माप धरावे आणि त्या मापाला जेमतेम पुरणारा रॉड घेऊ नये, कारण पूर्ण ताणलेला रॉड मध्ये वाकतो. बसवण्यापूर्वी दोन्ही बाजूंची पूड ओल्या फडक्याने पुसून ती जागा वाळू द्यावी, नाहीतर टोकाचे रबर घसरते.