काहीच बिघडलेलं नव्हतं, तरी रिअ‍ॅक्टर आपोआप कसा बंद पडला? (हॅनफर्ड, 1944)

शिफ्ट_सी_नागपूर

नमस्कार मंडळी. मी नागपूरजवळच्या एका थर्मल प्लांटमध्ये कंट्रोल रूमला आहे, डेस्कवर, सतरा वर्षं झाली. अणूचं माझं शिक्षण बारावीपर्यंतचंच, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

मुलीला शाळेत पहिल्या अणुभट्ट्यांवर प्रोजेक्ट आहे. रविवारी तिला घेऊन रमण विज्ञान केंद्रात गेलो होतो, आल्यावर दोघंही वाचत बसलो आणि आता ती झोपली न् मीच अडकलोय. अमेरिकेत हॅनफर्डला कोलंबिया नदीच्या काठी बी रिअ‍ॅक्टर बांधला, प्लुटोनियम बनवायला, जगातला पहिला मोठा रिअ‍ॅक्टर. 26 सप्टेंबर 1944 ला रात्री चालू केला, 9 मेगावॅटपर्यंत नेला, सगळं व्यवस्थित, आणि काही तासांनी पॉवर आपोआप उतरायला लागली. ऑपरेटर रॉड (भट्टीला ब्रेक लावणारे दांडे) बाहेर काढतायत, आणखी काढतायत, पॉवर उतरतेच आहे. 27 च्या संध्याकाळी पार बंद. आणि 28 ला पहाटे कोणी काही दुरुस्त न करता परत जीव धरला!

आता आमच्याकडं कसं आहे बघा, युनिट ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, की कारण असतंच. ड्रम लेव्हल लो गेली, फीड पंप गेला, क्लिंकर पडून फर्नेस प्रेशर हललं, पावसाळ्यात ओल्या कोळशानं फ्लेम गेली. दहा मिनिटांत नाही तर दोन तासांत सापडतं. आणि सापडलं की लाइट अप करा, ऑइल सपोर्ट घ्या, सिंक्रोनाइज करा, विषय संपला. इथं पाणी ठीक, पंप ठीक, इंधन ठीक, कोणी चूक केली नाही, तरी आग विझली आणि आपली आपण पेटली. काहून? सगळीकडं "झेनॉन" एवढंच लिहिलंय. झेनॉन तर वायू आहे ना, गाड्यांच्या दिव्यात असतो तो? तो एवढ्या भट्टीला कसा काय विझवतो? मुलीला मला चित्र काढून सांगता आलं पाहिजे, एवढं समजवा कोणीतरी.

धंतोलीची_फिजिक्सवाली

भाऊ, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. त्या रात्री तिथं जगातली पहिली भट्टी चालवणारे एन्रिको फर्मी स्वतः हजर होते आणि त्यांनाही लगेच उत्तर देता आलं नव्हतं. मी इथं कॉलेजात फिजिक्स शिकवते, हा धडा दरवर्षी घेते आणि दरवर्षी मला तो तेवढाच आवडतो.

आधी झेनॉनचं. दिव्यातला झेनॉन आणि हा झेनॉन, रसायनशास्त्राच्या दृष्टीनं एकच. पण याचं वजन 135, आणि झेनॉन 135 ला न्यूट्रॉनची, म्हणजे युरेनियम फोडत भट्टी पेटती ठेवणाऱ्या कणांची, जी भूक आहे तशी दुसऱ्या कशालाच नाही. तुमच्या मुलीच्या पुस्तकात कॅडमियमचे रॉड असतील, शिकागोला 2 डिसेंबर 1942 ला स्टेडियमच्या बाकांखाली जी पहिली भट्टी चालवली तिचे रॉड कॅडमियमचे होते, कारण कॅडमियम न्यूट्रॉन पटकन गिळतं. अणूला अणू धरला तर झेनॉन 135 हा साध्या कॅडमियमच्या साधारण हजारपट खादाड आहे. म्हणजे भट्टी चालता चालता स्वतःच्या पोटात स्वतःच ब्रेक तयार करत होती.

आता चित्र. घरावर दोन टाक्या आहेत असं समजा, एक वर, एक खाली. युरेनियम फुटलं की थेट झेनॉन फारसा होत नाही, आधी आयोडीन 135 होतं. ते वरच्या टाकीत साठतं. आयोडीनचा अर्धायुष्यकाळ साडेसहा तासांच्या आसपास, म्हणजे वरच्या टाकीतून खालच्या टाकीत हळूहळू गळतं आणि गळताना त्याचा झेनॉन होतो. खालच्या टाकीला दोन तोट्या. एक बारीक, झेनॉन आपला आपण क्षय पावतो, अर्धायुष्यकाळ नऊ तासांच्या थोडा वर. दुसरी मोठी, भट्टीतले न्यूट्रॉन खाऊन झेनॉन निरुपद्रवी होतो. ही मोठी तोटी भट्टी चालू असेल तेव्हाच उघडी.

भट्टी नवीन असते तेव्हा दोन्ही टाक्या कोरड्या, म्हणून पहिले काही तास सगळं झकास चालतं. मग खालची टाकी भरत जाते, झेनॉन न्यूट्रॉन खातो, पॉवर उतरते, पॉवर उतरली की मोठी तोटी बंद व्हायला लागते, पण वरच्या टाकीतून गळणं चालूच, त्यामुळं खालची आणखीच भरते. भट्टी मरते. मग काही तासांनी वरची टाकी रिकामी होत आली की बारीक तोटीतून खालची उतरते, आणि न्यूट्रॉन परत पुरायला लागतात. 28 च्या पहाटे तेच झालं. कोणी काही दुरुस्त केलं नाही, वेळ गेला फक्त.

आधी त्यांना नळ्यांमधून पाणी गळतंय असा संशय होता, नदीच्या पाण्यात बोरॉन आलं का हेही बघितलं. पण गळतीनं बंद पडलेली भट्टी आपोआप कशी सुरू होईल? तिथल्याच जॉन व्हीलर या शास्त्रज्ञानं ते चढउतारांचं वेळापत्रक बघून ओळखलं की हे काम एखाद्या किरणोत्सारी पदार्थाचं आहे, आणि ते तास जुळवत तो झेनॉनपर्यंत पोचला. म्हणजे तुम्ही डेस्कवर ट्रेंड बघून कारण ओळखता ना, अगदी तेच. चिएन श्युंग वू या शास्त्रज्ञ बाईंनी झेनॉनवर केलेलं कामही तेव्हा उपयोगी पडलं, हे मुलीच्या प्रोजेक्टमध्ये जरूर घाला. आणि लिओना वुड्स, शिकागोच्या त्या पहिल्या भट्टीच्या टीममधली एकटी बाई, ती हॅनफर्डलाही होती. मुलींना ही नावं कोणी सांगत नाही, मला त्याचं फार वाईट वाटतं.

शिफ्ट_सी_नागपूर

मॅडम, टाक्यांचं चित्र एकदम डोक्यात बसलं, आमच्याकडं उन्हाळ्यात टाकीचं गणित घरातलं पोर पण सांगतं. दोन शंका राहिल्या. शिकागोला न् ओक रिजला, तिथंही हॅनफर्डच्या आधीची भट्टी होती ना, हे का नाही दिसलं? आणि कळल्यावर उपाय काय केला, झेनॉन काढून तर टाकता येत नाही ना?

धंतोलीची_फिजिक्सवाली

शिकागोची भट्टी पहिल्या दिवशी अर्धा वॅट चालली. अर्धा वॅट! तुमच्या मोबाइलच्या टॉर्चएवढं. त्यात झेनॉन कितीसा होणार. ओक रिजची ग्रॅफाइटची भट्टी, 4 नोव्हेंबर 1943 ला चालू झालेली, ती हवेवर थंड व्हायची, हॅनफर्डच्या मानानं तिची पॉवर फार कमी, त्यामुळं तिथं झेनॉनचा परिणाम कुणाच्या नजरेत भरला नाही. हॅनफर्डला डिझाइन 250 मेगावॅटचं होतं. एवढी मोठी उडी घेतल्यावरच तो राक्षस दिसला.

उपाय मात्र आधीच बांधून ठेवलेला होता. शास्त्रज्ञांच्या गणितानं युरेनियम ठेवायला 1500 नळ्या पुरेशा होत्या, गोल आकारात. भट्टी बांधणाऱ्या ड्यू पाँट कंपनीच्या इंजिनिअरांनी हट्ट धरला की ग्रॅफाइटच्या ठोकळ्याचे चारही कोपरे रिकामे कशाला सोडायचे, तिथंही नळ्या घाला, आणि एकूण केल्या 2004. शास्त्रज्ञ तेव्हा कुरकुरले, वेळ आणि पैसा वाया म्हणून. पण झेनॉननं जेवढे न्यूट्रॉन गिळले तेवढे भरून काढायला जास्तीचं युरेनियम लागलं, आणि ते ठेवायला त्या 504 नळ्या तयार होत्या. भरल्या, आणि फेब्रुवारी 1945 मध्ये भट्टी पूर्ण पॉवरला गेली. त्या नळ्या नसत्या तर भट्टी पाडून परत बांधावी लागली असती. मार्जिन ठेवणाऱ्या इंजिनिअरबद्दल मला तेव्हापासून फार आदर आहे.

वर्धारोड_निवृत्त

मॅडमनी फार छान सांगितलं. मी संशोधन रिअ‍ॅक्टरवर ऑपरेशनमध्ये आयुष्य काढलं, मुंबईला, आता नागपुरात परत आलोय. डेस्कच्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो, शिफ्टवाल्या भावाला आवडतील.

पहिली अशी की झेनॉन रोजच्या कामात कसा भेटतो. पॉवरवर चालत असलेला रिअ‍ॅक्टर ट्रिप झाला की मोठी तोटी एका क्षणात बंद, पण वरची टाकी भरलेली. झेनॉन वाढतच जातो, साधारण दहा तासांनी कळस गाठतो, मग उतरतो. आपल्या हेवी वॉटरच्या (जड पाणी, न्यूट्रॉनचा वेग कमी करून आग टिकवणारं) पॉवर रिअ‍ॅक्टरमध्ये ट्रिपनंतर अंदाजे अर्ध्या तासात परत क्रिटिकल, म्हणजे आपली आपण चालणारा, नाही केला तर गेला, मग दीड दिवसाच्या आसपास हात बांधून बसायचं. याला आम्ही पॉयझन आउट म्हणतो. आता विचार करा, ट्रिप कशानं झाली ते शोधायचंय, खात्री करायचीय, आणि घड्याळ पळतंय. तरुणपणी वाटायचं की लवकर घ्या, लवकर घ्या. आमचे जुने शिफ्ट इंजिनिअर शांतपणे म्हणायचे, कारण कळलं नाही तर गेला दीड दिवस, चहा मागवा. त्यांचं बरोबर होतं. झेनॉनशी भांडायचं नसतं. 26 एप्रिल 1986 ला चेर्नोबिलला भट्टी कमी पॉवरला पडून झेनॉन साठला होता, तरी टेस्ट करायचीच म्हणून जवळजवळ सगळे रॉड वर ओढले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. डिझाइनचे दोष होतेच, पण ती रात्र झेनॉननं सुरू झाली.

दुसरी गोष्ट कॅनडाची. आपला ट्रॉम्बेचा सायरस, 40 मेगावॅट, 10 जुलै 1960 ला क्रिटिकल झाला, तो त्यांच्या चॉक रिव्हर इथल्या एनआरएक्स रिअ‍ॅक्टरच्या धर्तीवर. त्या एनआरएक्सला 12 डिसेंबर 1952 ला मोठा अपघात झाला. तळघरात एकानं चुकून भलते व्हॉल्व्ह उघडले, काही रॉड वर गेले, वर लाल दिवे लागले. सुपरवायझर धावत खाली गेला, व्हॉल्व्ह बंद केले, दिवे गेले, पण सगळे रॉड नीट खाली बसले नव्हते. मग त्यानं खालून वर फोन केला की अमुक दोन बटणं दाब, आणि त्यातला एक नंबर तोंडातून चुकीचा गेला. वरच्या माणसानं दोन्ही बटणांपर्यंत हात पोचावा म्हणून फोन खाली ठेवला, त्यामुळं सुपरवायझरला चूक दुरुस्त करून सांगताच आली नाही. शेवटी टाकीतलं हेवी वॉटर खाली सोडून भट्टी थांबवली. इंधन वितळलं, तळघरात दहा लाख गॅलन दूषित पाणी. साफसफाईला जे अमेरिकन नौदलाचे लोक आले त्यात जिमी कार्टर होते, नंतर अध्यक्ष झालेले. एका फोनमुळं. आमच्या शिकवणीत सांगितलेलं परत बोलून दाखवल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही हा नियम होता, आणि तो का आहे ते या गोष्टीवरून कळायचं.

आणि मुलीच्या प्रोजेक्टमध्ये अप्सरा, आपल्या देशातला पहिला रिअ‍ॅक्टर, नक्की घ्या. 4 ऑगस्ट 1956, दुपारी पावणेचार. इंधन ब्रिटनचं, बाकी डिझाइन आणि बांधणी आपल्या लोकांची. आठ मीटर खोल पाण्याचा हौद, वरून उघडा, तळाशी गाभा, आणि त्यातून येणारा निळा प्रकाश. पाणीच कवच, पाणीच थंड करणारं. नाव नेहरूंनी दिलं. तो निळा प्रकाश मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो, आजही आठवला की छातीत काहीतरी होतं.

शिफ्ट_सी_नागपूर

काका, फोनची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं सुद्धा लोकल न् डेस्कमध्ये वॉकीटॉकीवर व्हॉल्व्हचे नंबर चालतात, 12 की 22 हे आवाजात कळत नाही. उद्याच्या ब्रीफिंगला हे मी सांगणार.

काटोलचा_संत्रावाला

मी इंजिनिअर नाही, शेतकरी आहे, संत्र्याची बाग आहे. तुमचं सगळं वाचलं, समजलं पण बरंचसं. पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. हॅनफर्ड हे गाव होतं. हॅनफर्ड न् व्हाइट ब्लफ्स, दोन गावं, फळबागांची, चेरी, पीच, जर्दाळू. 1943 मध्ये सरकारनं जमीन घेतली, दीडेक हजार लोकांना काही आठवड्यांत उठा म्हणून सांगितलं, कशासाठी ते सांगितलं नाही. वानापम नावाचे मूळचे लोक तिथं नदीत मासे धरत होते, त्यांचीही जागा गेली. बागा फळांनी लगडलेल्या होत्या, ती फळं कैद्यांकडून तोडून घेतली. बाग लावली की पाच सहा वर्षं पोराप्रमाणं सांभाळावी लागते तेव्हा झाडाला फळ येतं, ज्यानं ती सोडली असेल त्याचं काय झालं असेल ते मले कळते. गोसीखुर्द धरणात गाव गेलेली माणसं माझ्या नात्यात आहेत, त्यांच्या घरी गेलो की अजून जुन्या गावाच्याच गोष्टी निघतात.

आणि तिथं जे प्लुटोनियम बनलं ते 9 ऑगस्टला नागासाकीवर पडलं. आणि उरलेला विखारी कचरा जमिनीखाली 177 टाक्यांमध्ये, साडेपाच कोटी गॅलनच्या वर, त्यातल्या काही गळल्या पण. मॅडमच्या दोन टाक्या पोरीच्या चित्रात काढा भाऊ, पण या 177 पण काढा.

धंतोलीची_फिजिक्सवाली

दादा, बरं झालं लिहिलंत. मी वर्गात नागासाकी सांगते, गावाचं आजवर सांगितलं नव्हतं. बांधकामावर चाळीस हजारांहून जास्त माणसं होती, त्यातल्या बहुतेकांना आपण काय बांधतोय तेच माहीत नव्हतं, आणि ज्यांची जमीन गेली त्यांनाही ते कळलं ऑगस्ट 1945 मध्येच, बॉम्ब पडल्यावर. यंदापासून गाव आधी, मग झेनॉन.

शिफ्ट_सी_नागपूर

मुलगी सकाळी उठली, तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं चार्टवर वर दोन गावं काढलीयेत, झाडांसकट, मध्ये दोन टाक्या, खाली 177 ठिपके. ठिपके मोजून काढायला दीड तास लागला, 177 म्हणजे 177 च पाहिजे म्हणाली. काका, तिचा एक प्रश्न आहे, मला उत्तर आलं नाही: अप्सराच्या हौदात वाकून बघितलं तर चालायचं का?

वर्धारोड_निवृत्त

बाळा, ती जुनी अप्सरा 2009 ला बंद झाली, पण तेव्हा चालायचं, कठड्याच्या अलीकडून. मधलं पाणी आपलं रक्षण करायचं. पण खिशातला पेन आधी काढून ठेवायचा.