दोन नोकऱ्यांमधल्या चार महिन्यांसाठी आरोग्य विमा : सल्ला हवा

तेरेखोलकाठ (धागाकर्ता)
वेर्णा औद्योगिक वसाहतीतील औषध कंपनीमधली नोकरी मी पुढच्या महिनाअखेरीस सोडत असून नवी नोकरी त्यानंतर चार महिन्यांनी सुरू होणार आहे. कंपनीचा गट विमा कामाच्या शेवटच्या दिवशीच संपतो, असे कार्यालयाने लेखी कळवले आहे. मी, पत्नी, ५ वर्षांचा मुलगा आणि मधुमेह असलेली ६२ वर्षांची आई, अशा चौघांसाठी केवळ या मधल्या काळापुरती पॉलिसी मिळू शकते का? एकूण १२,००० रुपयांच्या वर जाणे सध्या शक्य नाही. आम्ही मूळचे सावंतवाडीचे. फोंड्याला येऊन तीन वर्षे झाली, आई मात्र गावीच राहते.

कुळागर
विम्याच्या मागे लागण्याआधी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड काढून घ्या. गोव्यात ही योजना २०१६ पासून चालू आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. माझ्या वडिलांच्या हृदयावरील शस्त्रक्रिया याच कार्डावर झाली आणि ते आज रोज सकाळी बागेत शिंपणे करतात.

झुवारीपार
आजच्या काळात एक कोटीच्या खाली विमा घेण्यात अर्थ नाही, असे माझे ठाम मत आहे. मी गेल्या वर्षी संपूर्ण कुटुंबाची तशी पॉलिसी घेतली आणि रुग्णालयाच्या खोलीभाड्याची मर्यादा नसलेलीच निवडली. हप्ता मोठा आहे, पण रात्री झोप शांत लागते.

सुपारीबाग
अल्पमुदतीची पॉलिसी नक्की मिळते. २०२० मध्ये मी स्वतः कोरोना कवच घेतली होती. साडेतीन, साडेसहा आणि साडेनऊ महिने अशा तीन मुदती होत्या आणि हप्ता अगदी माफक होता.

मांडवीतीर
सुपारीबाग, ती पॉलिसी केवळ कोविडच्या उपचारांसाठी होती, त्यामुळे इथे तिचा उपयोग नाही. कुळागर, दीनदयाळ योजनेसाठी गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य लागते आणि धागाकर्त्यांची तीनच झाली आहेत.

मूळ प्रश्न वेगळाच आहे. नव्या पॉलिसीत अपघात वगळता पहिल्या ३० दिवसांतील कोणत्याही आजाराचा दावा मिळत नाही. चार महिन्यांसाठी विमा घेऊन त्यातला पहिला महिना असाच गेला तर संरक्षण तीनच महिन्यांचे उरते. म्हणून नोकरी सुटण्याची वाट न पाहता, गट विमा चालू असतानाच नवी पॉलिसी सुरू करावी, म्हणजे प्रतीक्षेचे हे ३० दिवस जुन्या विम्याच्या छत्राखाली निघून जातील. मुदत एक वर्षाची असली तरी बिघडत नाही. २०२४ च्या नियमांनुसार एक वर्षाची पॉलिसी मध्येच रद्द करता येते आणि एकही दावा केलेला नसेल तर उरलेल्या काळाचा हप्ता त्या प्रमाणात परत मिळतो. रद्द मात्र करू नका. एकदा सुरू झालेला विमा पुढे चालवण्यातच खरा लाभ आहे, कारण काही आजारांसाठी लागणाऱ्या प्रतीक्षेची वर्षे जमा होत राहतात.

आईंचा विचार स्वतंत्रपणे करा. आधीपासूनच्या आजारासाठी नवी पॉलिसी ३६ महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकते. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर केले तर गट विम्यात काढलेल्या काळाचे श्रेय मिळते, म्हणजे तो काळ या प्रतीक्षेतून वजा होतो. त्यासाठीचा अर्ज नोकरी सुटण्यापूर्वीच करावा.

दाबोळीहून
कागदावर सारे चांगलेच दिसते. माझ्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये होती, आम्ही ८,००० रुपयांची खोली घेतली आणि एका खाजगी रुग्णालयाच्या संपूर्ण बिलावर विमा कंपनीने त्याच प्रमाणात कात्री चालवली. फरक फक्त खोलीचा भरावा लागेल, असे मला सांगण्यात आले होते, तसे घडले नाही.

मांडवीतीर
डॉक्टरांचे शुल्क आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्च यांवर अशी कपात होऊ शकते. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेली उपकरणे यांवर ती लावता येत नाही. आपल्या बिलात या बाबींवरही कपात झाली असेल तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तिथे दाद न मिळाल्यास विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या मुंबईच्या विमा लोकपालांकडे जा. गोवा त्यांच्याच कक्षेत येतो.

शिरोडेकडचा
दीनदयाळ कार्ड काढा, दुसरे काही लागत नाही. आमच्या घरी सर्वांकडे आहे.

झुवारीपार
१२,००० मध्ये चौघांचा विमा शोधण्यापेक्षा थोडी पदरमोड करावी, असे मी पुन्हा सुचवतो.

तेरेखोलकाठ
सर्वांचे मनापासून आभार. आमच्या तिघांसाठी मी आरोग्य संजीवनी ही प्रमाणित (सर्व कंपन्यांत सारख्या अटींची) पॉलिसी पाच लाखांची घेतली असून ती या आठवड्यातच सुरू झाली. प्रत्येक दाव्यात ५ टक्के रक्कम आपल्याला भरावी लागते आणि खोलीभाड्याला दिवसाला ५,००० रुपयांची मर्यादा आहे, हे वाचून आणि समजून घेतले आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाल्यामुळे हप्ता ठरवलेल्या रकमेत बसला. नव्या कंपनीचा गट विमा लागू होताच ही पॉलिसी रद्द करून उरलेला हप्ता परत घेण्याचा माझा विचार आहे, कारण मुलाच्या शाळेचा खर्च त्याच सुमारास येतो.

आईच्या स्थलांतराचा हप्ता विचारला, पण तो एकटाच आमच्या एकूण रकमेच्या बराच पुढे गेला. तिचे रेशनकार्ड सावंतवाडीचे असल्याने तिच्यासाठी महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेवर थांबायचे ठरवले आहे.

मांडवीतीर
आईंच्या बाबतीत मी सहमत नाही. फुले योजना अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांनाच लागू होते, शिवाय त्या फोंड्याला तुमच्याकडे असताना आजारी पडल्या तर बांबोळीच्या गोमेकॉतही (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही) गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क आकारले जाते. निदान सावंतवाडी, कुडाळ आणि ओरोस इथली कोणती रुग्णालये योजनेच्या यादीत आहेत, हे आजच पाहून ठेवा आणि रेशनकार्ड व आधारवरील नावाचे स्पेलिंग जुळते का तेही तपासा.

तेरेखोलकाठ
रविवारी गावी जाणार आहे, तेव्हा दोन्ही कागद पाहतो. यादी आजच उतरवून घेतो.