ऑफिसचा पासवर्ड, नोटीस आणि पेनड्राइव्ह

सेक्रेटरी (ए-२०२): मंडळी, सोसायटीच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वर्डची मुदत संपलीय, टाइपच होत नाही. नवीन काही टाकायला गेलं की ॲडमिनचा पासवर्ड मागतो. तो जुन्या ऑपरेटरकडे, आणि तो फोन घेत नाही. सभेच्या आधी पूर्ण १४ दिवसांची नोटीस जायला हवी.

जोशीकाकू (बी-३०४): हाताने लिहा, झेरॉक्स काढा. आमचे हे सेक्रेटरी होते तेव्हा असंच चालायचं.

निखिल (सी-५०१): काका, इन्स्टॉल करूच नका. पोर्टेबलॲप्सच्या साइटवर वर्डसारखंच लिब्रेऑफिस पोर्टेबल फुकट मिळतं. घरच्या लॅपटॉपवर उतरवा, कुठे ठेवू विचारेल तिथे पेनड्राइव्ह दाखवा. मग तो ऑफिसात लावून डबल क्लिक. विंडोजच्या फोल्डरांना ते हातच लावत नाही, सेटिंग्जसुद्धा पेनड्राइव्हवरच ठेवतं. म्हणून सहसा पासवर्ड मागत नाही.

पाटील सर (ए-७०३): चोरीचा माल नाही ना? 'पोर्टेबल' म्हणून फोटोशॉप वाटतात तसा?

निखिल: नाही सर, ते क्रॅक असतं, त्याच्या वाटेला जाऊच नका. पोर्टेबलॲप्सवाली मंडळी २००४ मध्ये पोर्टेबल फायरफॉक्सपासून सुरू झाली. लिब्रेऑफिस मुळातच मोफत आहे.

पाटील सर: ठीक. पण मागे माझा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लावला, तर घरी येईपर्यंत सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते!

निखिल: तो व्हायरस. खरी फोल्डरं लपवून ठेवतो. म्हणून हा पेनड्राइव्ह दुकानात न्यायचाच नाही. वर पीडीएफचं बटण आहे, ते दाबा आणि पीडीएफ मेल करा. मराठी फॉन्टही फाइलीच्या आतच जातो, दुकानात चौकोन चौकोन उमटत नाहीत.

सेक्रेटरी: लावला. उघडेपर्यंत चहा पिऊन झाला 🙄

निखिल: मागच्या निळ्या पोर्टला लावा. पेनड्राइव्हच्या तोंडातली पट्टीही निळी आहे का?

सेक्रेटरी: पांढरी.

निखिल: मग जुना, हळू यूएसबी २.० आहे. चहा अजून एक घ्या.

सेक्रेटरी: निखिल, घोळ. मी खाली पाण्याच्या टँकरशी बोलत होतो, तेवढ्यात वॉचमनने मोबाइल चार्जिंगला लावायला पेनड्राइव्हच उपटला. आता घरी फाइल उघडतोय तर म्हणतं, ही दुसऱ्या कॉम्प्युटरवर तुम्हीच उघडलेली आहे. मी तर इथे बसलोय!

निखिल: 😂 उपटल्यामुळे 'फाइल उघडी आहे' अशी खूण करणारी कुलपाची बारकी फाइल मागे राहिली. 'उघडा' म्हणा. शेवटचं सेव्ह केल्यानंतरचं मात्र गेलं.

सेक्रेटरी: विषय क्र. ६ पासून गेलं. परत लिहितो.

पाटील सर: क्र. ६ म्हणजे पार्किंग. सोयीस्करपणे गेलं.

सेक्रेटरी: सर, उद्या सकाळी बोर्डावर लागेल. पार्किंगसकट.

जोशीकाकू: सभासदांची यादी, म्हणजे तो 'जे' नमुना, सगळ्यांचे मोबाइल नंबर, तेही त्याच पेनड्राइव्हवर का?

सेक्रेटरी: हो, सोयीचं पडतं.

जोशीकाकू: आणि तो असतो कुठे?

सेक्रेटरी: ऑफिसच्या किल्ल्यांच्या जुडग्यालाच अडकवलाय.

जोशीकाकू: आणि जुडगा वॉचमनकडे.

निखिल: काका, यादी सेव्ह ॲज करताना 'पासवर्डसह' वर टिक करा. आजच.

पाटील सर: आणि तो पासवर्ड खजिनदारांनाही सांगा. पुन्हा ऑपरेटरचे फोन नकोत.