उद्या सकाळी सीटी स्कॅन, फॉर्मवर सही करायची का? (ठाणे) लवकर सांगा

कासारवडवलीकर (गुरुवार, रात्री ८.५०)
उद्या साडेसातला नौपाड्यात पोटाचं सीटी आहे. सेंटरने व्हॉट्सॅपवर फॉर्म पाठवलाय. इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, किडनीवर परिणाम होऊ शकतो, क्वचित जिवाला धोका, हे सगळं समजून संमती देत आहे वगैरे. वर दीड लिटर पाण्यात कसलंसं औषध घालून ते तासभर पीत बसायचं. मागच्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, नॉर्मल आली. मग हे कशाला? डॉक्टर फोन उचलत नाहीत. सही करायची की नाही, एवढंच सांगा.

नौपाड्याची_माई (८.५७)
सीटी कोणाचं? तुमचं? वय किती, त्रास काय?

मिठाचा_खडा (९.०१)
सोनोग्राफी नॉर्मल आणि तरी सीटी? कमिशन. विषय संपला. माझ्या मेव्हण्याला असंच तीन ठिकाणी फिरवलं, शेवटी निघाली काय तर अ‍ॅसिडिटी.

कासारवडवलीकर (९.०३)
आईचं. ६१. पोट दुखतं, जेवण जात नाही, गॅस. इथे कोणी डॉक्टर आहे का?

आजीचा_बटवा (९.०६)
रात्री झोपताना कोमट पाण्यात चमचाभर साजूक तूप. जेवणानंतर ओवा-सैंधव. पंधरा दिवस करून बघा, मशीनमध्ये जायची वेळ येणार नाही.

स्कॅनरूम (९.१२)
मी डॉक्टर नाही. वाशीला सीटीवर टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली. तो फॉर्म सगळ्यांना देतात, अपेंडिक्सच्या पोरालाही. सहीचं नंतर बघू, आधी हे सांगा: क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) केलंय का, किती आलं? शुगर, बीपी, दमा? असं इंजेक्शन पूर्वी कधी घेतलंय? कशाची अ‍ॅलर्जी? आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल म्हणता तर शेवटची ओळ सोडा, मधला मजकूर जसाच्या तसा टाइप करा.

कासारवडवलीकर (९.१८)
क्रिएटिनिन ०.९, कालचं. शुगर नाही. म्हणजे आहे, पण गोळीवर कंट्रोलमध्ये आहे. कोळंबी खाल्ली की अंगावर गांध्या उठतात. त्या इंजेक्शनमध्ये आयोडीन असतं असं गुगलवर वाचलं. मग कसं चालेल?

मिठाचा_खडा (९.२०)
बघा! मासळीची अ‍ॅलर्जी असलेल्याला आयोडीनचं इंजेक्शन देतच नाहीत. कुठल्याही कंपाउंडरला विचारा.

स्कॅनरूम (९.२६)
कंपाउंडरला नका विचारू. कोळंबीची अ‍ॅलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नाही. आयोडीन तर रोजच्या मिठातही असतं, खडेमीठ सोडून. फॉर्मवर कोळंबीचं जरूर लिहा, पण तेवढ्यासाठी स्कॅन रद्द होत नाही. आम्ही घाबरतो ते दम्याला, आणि आधी अशाच इंजेक्शनने त्रास झाला असेल तर त्याला. क्रिएटिनिन ०.९ छान आहे.

आता गोळी. नाव सांगा. मधला मजकूर राहिलाच.

अननस_फेज (९.३०)
सीटी कशाला, एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करा! रेडिएशन शून्य. माझ्या पित्तनलिकेत खडा अडकला तेव्हा केली होती. आधी चक्क अननसाचा रस पाजला, त्यातल्या मँगनीजमुळे जठर काळं दिसतं आणि नळ्या उठून दिसतात म्हणे. वीस-पंचवीस मिनिटं बोगद्यात ठकठक ऐकत पडायचं, बस. पोटाच्या एका सीटीत छातीचे शंभरेक एक्स-रे बसतात, हे कोणी सांगणार आहे का?

जुना_ठाणेकर (९.३४)
शंभराचा आकडा बरोबर आहे, भीती मात्र चुकीची. पोटाचं सीटी साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप). जमीन, हवा, आकाश यांच्याकडून माणसाला वर्षाला सरासरी २.४ तसेच मिळतात. म्हणजे तीन-चार वर्षांचा डोस एकदम. वीस वर्षांच्या मुलीला ऊठसूट करू नये, कबूल. एकसष्टीच्या आजारी बाईला डॉक्टरने सांगितलं असेल तर हा हिशोब मांडत बसू नये.
अवांतर: सीटीचं पहिलं यंत्र ईएमआयने बनवलं, तीच रेकॉर्डवाली कंपनी. हाउन्सफील्ड तिथले इंजिनीअर, १९७९ चं नोबेल कॉरमॅकबरोबर वाटून मिळालं.

अननस_फेज (९.३६)
मी कुठे घाबरवलं? पर्याय सांगितला.

जुना_ठाणेकर (९.३७)
तुमच्या खड्याचा पर्याय. यांच्या आईला खडा आहे की नाही हे अजून कोणालाच माहीत नाही.

मेडिक्लेम_मावशी (९.४१)
कॅशलेस आहे का? नुसत्या तपासणीचे पैसे बहुतेक पॉलिसीत मिळत नाहीत. पण पुढे त्याच आजारासाठी अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर आधीच्या ३० दिवसांतली बिलं बऱ्याच पॉलिसींत धरतात. बिल आईच्या नावावर घ्या, तुमच्या नको. डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवा.

कासारवडवलीकर (९.४४)
पैशाचं विचारलं नव्हतं, पण बरं. रिपोर्ट सापडला. लिव्हर नॉर्मल. गॉलब्लॅडर नॉर्मल, खडे नाहीत. किडन्या नॉर्मल. पॅन्क्रिआज: हेड पार्शली व्हिज्युअलाइज्ड, बॉडी अँड टेल ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस. खाली नो सिग्निफिकंट अ‍ॅबनॉर्मॅलिटी.

स्कॅनरूम (९.५०)
सीटी कशाला, ते यातच लिहिलंय. पॅन्क्रिआज म्हणजे स्वादुपिंड, ते जठराच्या मागे दडलेलं असतं आणि सोनोग्राफीच्या लहरी गॅसच्या पलीकडे जात नाहीत. लिव्हर, पित्ताशय दिसलं, ते चांगलं आहे. स्वादुपिंडाचा थोडा भाग दिसला, बाकीचा दिसलाच नाही. तो ‘चांगला आहे’ असं कोणी म्हटलेलं नाही. सीटीला गॅस आड येत नाही.

नौपाड्याची_माई (९.५२)
वजन उतरलंय का आईंचं? आणि शुगर कधी निघाली?

कासारवडवलीकर (९.५५)
चार महिन्यांत सात किलो. पण पथ्य चालू आहे ना, साखर-भात बंद. शुगर याच वर्षी निघाली, मार्चमध्ये.

नौपाड्याची_माई (९.५९)
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं की! साठीनंतर नव्याने शुगर निघाली, जेवण जात नाही, वजन उतरतंय आणि शुगर सांभाळणारं स्वादुपिंडच धड दिसलेलं नाही. कोणताही डॉक्टर सीटी करायला सांगेल. बहुतेकदा साधंच काही निघतं, पण बघायलाच हवं. माझ्या सासूबाईंना अगदी असंच होतं, त्यांना जठरात अल्सर निघाला, एंडोस्कोपीत. बटवावाले, तुमचं तूप पंधरा दिवसांनी बघू.

आजीचा_बटवा (१०.०२)
तुपाने कोणाचं वाईट झालेलं नाही.

मिठाचा_खडा (१०.०४)
सात किलोचं आधी सांगितलं असतं तर मी कमिशनचं बोललोच नसतो.

स्कॅनरूम (१०.०५)
गोळीचं नाव?

कासारवडवलीकर (१०.१०)
पाकिटावर ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ, मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ. एकाच गोळीत दोन्ही.

स्कॅनरूम (१०.१६)
म्हणूनच विचारत होतो. सकाळी उपाशीपोटी ही घेतली तर ग्लिमेपिराइडने शुगर खाली जाऊ शकते. आमच्याकडे असा पेशंट टेबलवरच घामाघूम झालाय. मेटफॉर्मिन काही ठिकाणी स्कॅननंतर ४८ तास थांबवतात, काही ठिकाणी क्रिएटिनिन चांगलं असेल तर चालू ठेवतात. स्वतःच्या मनाने काही करू नका. डॉक्टर फोन उचलत नसतील तर पाकिटाचा फोटो पाठवून ‘सकाळी द्यायची का’ एवढंच विचारा. सेंटरलाही आत्ताच कळवा, साडेसातला नाही.

बाकी, साडीऐवजी नाडीचा सलवार-कुर्ता किंवा गाऊन, पोटाशी हूक-चेन नको. ते पाणी गोडसर लागतं, प्यायल्यावर दोन-चार तास पोट चालतं. घोडबंदरपर्यंत लगेच निघू नका, तिथेच जरा बसा. इंजेक्शन जाताना अंग एकदम गरम होतं, लघवी झाली असं वाटतं. होत नाही. हे आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर लाजेने हलतात आणि फोटो बिघडतात.

कासारवडवलीकर (१०.४८)
डॉक्टरांचा मेसेज आला. सकाळची गोळी नाही, जेवल्यावर नेहमीसारखी. सही केली.

अननस_फेज (१०.५५)
शुभेच्छा. तरी एमआरसीपीचं विचारून ठेवा.

कासारवडवलीकर (शुक्रवार, दुपारी १२.२०)
झालं. पण साडेसातला नाही, साडेदहाला. काउंटरवर ‘काही खाल्लंय का’ विचारलं तर मातोश्री म्हणाल्या, काही नाही, पहाटे पाचला फक्त चहा. आणि? आणि दोन खारी, खारी हलकी असते ना. मी झोपलो होतो. तिथला मुलगा हसला आणि थांबायला लावलं. मंगळसूत्र काढायला तयार नव्हती, पोटाच्या स्कॅनला अडत नाही म्हणाले, ठेवलं. गरम वाटेल हे आधी सांगितल्यामुळे हलली नाही. रिपोर्ट उद्या संध्याकाळी.

नौपाड्याची_माई (१२.३१)
खारी! उद्या इथेच कळवा. आईंना आज भरपूर पाणी प्यायला द्या.

जुना_ठाणेकर (१२.४०)
आमच्या वेळी बेरियम पाजायचे, पांढरा खडू पातळ करून दिल्यासारखं. दोन दिवस संडासलाही पांढरीच व्हायची. तुम्ही सुटलात.

नवीन_सदस्य_ठाणे (२.१५)
मलाही गॅसचा फार त्रास आहे. हा सीटी किती रुपयांना पडला? आणि नौपाड्यात त्या वेळेला गाडी लावायला जागा मिळते का?

कासारवडवलीकर (२.५०)
रिक्षाने गेलो. तुमचं वय काय, वजन उतरलंय का?