मदत हवी आहे : दिवाळीच्या सुट्टीत ड्यूटी केली, त्याची रजा मिळते का?

नमस्कार दादा-ताई. मी विदर्भातल्या एका तालुका न्यायालयात कनिष्ठ लिपिक आहे. दिवाळीत कोर्टाला सुट्टी लागली तरी रिमांड आणि तातडीचे अर्ज थांबत नाहीत, म्हणून काही जणांना यावंच लागतं. यंदा पुन्हा माझं नाव लागलं. नेमका तेव्हाच घरी कापूस वेचणीला येतो, बाया मिळत नाहीत, सासूबाई एकट्या वावरात.

काम करायला माझी ना नाही. आरोपीला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचंच असतं, तिथे कोणीतरी हवंच. पण त्या दिवसांच्या बदल्यात अर्जित रजा (खात्यात साठत जाणारी पगारी रजा) मागितली, तर वरिष्ठ म्हणतात, तुम्हाला जानेवारी-जुलैला १५-१५ दिवस जमा होतातच, वेगळं काही नाही. शेजारच्या तालुक्यातली मैत्रीण सांगते, तिला बदली रजा मिळाली. दोघांचं खरं कसं?

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यात ‘दीर्घ सुट्टी विभाग’ (ज्या विभागाला दरवर्षी ठरलेली लांब सुट्टी असते तो) येतो, त्यात आम्ही लिपिक बसतो का? कोणाकडे मंजुरीचा आदेश असेल तर तारीख-क्रमांक सांगा, तोंडी सांगण्याला ऑफिसात कोणी विचारत नाही.

आणखी एक. मार्च २०२३ च्या जुन्या पेन्शनच्या संपानंतर आमच्याकडे संघटनेची बैठक फारशी झाली नाही. हा प्रश्न जिल्हा शाखेने घ्यावा असं मला मनापासून वाटतं. लेखी निवेदन प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे थेट द्यायचं, की कार्यालयामार्फतच? ज्यांनी दिलं आहे त्यांनी कृपया सांगा.