दवाखान्याची इमारत गुंतवणूकदाराला विकून तिथेच भाड्याने राहायचं : बंधनं काय, धोके कुठे?

तापीकाठ : धुळ्यातल्या ४० खाटांच्या हॉस्पिटलसाठी प्रस्ताव आहे. बिल्डर आणि केळी व्यापाऱ्यांचा गट ६ कोटींना जागा-इमारत घेणार, डॉक्टरांना २० वर्षांचा भाडेपट्टा. महिना ४ लाख, दरवर्षी ६ टक्के वाढ. कायद्याने यावर काही लगाम आहे का?

खतावणी : आधी ४ लाखांचे ४.७२ करा. मालक जीएसटीत असेल तर भाड्यावर १८ टक्के लागतात, आणि रुग्णसेवा करमुक्त असल्याने हॉस्पिटलला त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. ११व्या वर्षी भाडं ७.१६ लाख, करासह ८.४५. म्हणजे खाटेमागे महिना २१ हजार नुसते जागेचे, खाट रिकामी असली तरी. शिवाय इमारतीवर घसारा (दरवर्षीची झीज खर्चात धरणं) घेतलेला असेल तर तिच्या विक्रीचा नफा अल्पकालीन धरतात, म्हणजे कर जास्त. ६ कोटी पूर्ण हातात येणार नाहीत.

दस्तवाला : लगाम म्हणाल तर नाहीच. १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा जागा, कर्मचारी, सोयी बघतो. घरमालकाचा पैसा आणि भाड्याचा आकडा त्याच्या कक्षेत येत नाही.

२० वर्षांच्या पट्ट्याला बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवर विक्रीखताच्या दराने मुद्रांक लागतो. तो वाचवायला दलाल ६० महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स सुचवतील, तिथे ०.२५ टक्क्यात काम होतं. तिथेच घात आहे भाऊ. लायसन्सने जागेत हक्क निर्माण होत नाही. ६१व्या महिन्यात ऑक्सिजनची पाइपलाइन आणि ओटी उचलून कुठे नेणार? मुद्रांक भरा, पट्टा नोंदवा. मालक इमारत गहाण ठेवणार असेल तर पट्टा मान्य असल्याचं बँकेचं पत्र आधी घ्या.

तापीकाठ : ठरलेल्या भाड्याऐवजी बिलाच्या टक्केवारीत दिलं तर?

खतावणी : त्या गटातल्या कुणाची लॅब किंवा मेडिकल असेल, तिथून पेशंट येत असतील, तर ते कटच दिसेल. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेत पेशंट पाठवण्याच्या कमिशनवर बंदी घालणारं कलम ६.४ वाचा.

दस्तवाला : लगाम कसा असतो ते बघायचं तर अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स बघा. हॉस्पिटलं चालवणाऱ्या स्टुअर्ड कंपनीने २०१६ मध्ये तिथल्या हॉस्पिटलांच्या जागा मेडिकल प्रॉपर्टीज ट्रस्टला (गुंतवणूकदारांच्या पैशातून जागा घेऊन भाड्याने देणारा रिअल इस्टेट ट्रस्ट) सव्वा अब्ज डॉलरच्या व्यवहारात दिल्या आणि त्याच जागांचं भाडं भरत बसली. मे २०२४ मध्ये दिवाळखोरी, ऑगस्टअखेर दोन हॉस्पिटलं बंद. जानेवारी २०२५च्या कायद्याने मुख्य इमारत अशा रिअल इस्टेट ट्रस्टकडून भाड्याने घेणाऱ्या हॉस्पिटलला नवा परवाना बंद केला. जुने पट्टे मात्र सोडले. आपल्याकडे हे काम करारातल्या कलमांनाच करावं लागेल. वाढ ३ वर्षांतून एकदा, आणि मालकाने विकायला काढली तर पहिला हक्क हॉस्पिटलचा, एवढं तरी लिहून घ्या.